सोळावर थांबणारे मालक

तारीख, गेल्या फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. रक्कम दहा हजार रुपये, पाचशेच्या वीस नोटा. हजर माणसं तीन: आमचे घरमालक, त्यांचा मुलगा आणि मी. जागा पणजीचा धक्का, जिथून कॅसिनोच्या बोटीवर नेणारी छोटी लाँच सुटते. मालकांनी नोटा माझ्याकडून मोजून घेतल्या, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि मुलाला सांगितलं, "तू हितंच बसायचं. आमी येऊस्तोवर." मुलगा अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. तो निमूट बाकावर बसला.

एवढं पक्कं माहीत आहे, म्हणून आधी लिहून टाकलं. पुढचं मला अजून नीट लागत नाही. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात हिशेब पाहतो. वर्षाअखेर ताळा जमला नाही तर मला जेवण जात नाही. ह्या प्रकरणात जमा कुठलं आणि खर्च कुठला, हेच मला ठरवता आलेलं नाही.

मालकांचं नाव लिहायची गरज नाही. गल्लीत सगळे त्यांना मालकच म्हणतात. त्यांची बायको हयात होती तेव्हा तीही म्हणायची. मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाजारात मराठी. टॉवेल आणि चादरींचं दुकान, एमआयडीसीत थोडे माग. वय पंच्याहत्तरच्या पुढे, खांद्यावर कायम स्वतःच्या मागावरचा टॉवेल. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. दर पाडव्याला ते भाडं वाढवतात आणि त्याच दिवशी दोन टॉवेल आणून देतात. पहिल्या वर्षी मी टॉवेलची किंमत वजा करून खरी वाढ किती पडली ते काढलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं. पुढच्या वर्षी एकच टॉवेल देतो." आणि खरंच एकच दिला.

त्यांचा एक नियम होता. आपल्याला जे येत नाही, त्यावर तोंड उघडायचं नाही. ऐकायला हा नियम चांगला वाटतो. त्याच्याबरोबर राहायला लागलं की कळतं. मागाच्या फिटरने मोटर जळाली म्हणून नवी मागितली, तेव्हा मालकांना तो खोटं बोलतोय अशी शंका आली. पण मोटरीतलं काही कळत नाही म्हणून ते गप्प बसले. मग मोटरी भरणाऱ्या एका दुकानात जाऊन रोज स्टुलावर बसू लागले. तारा कशा गुंडाळतात ते शिकले, हात काळे करून घेतले आणि मग फिटरला तू खोटारडा आहेस असं सांगायला गेले. तोवर तो काम सोडून करमाळ्याला गेला होता. मालक करमाळ्याला गेले. सांगून परत आले.

ड्रायव्हर ब्रेक जोरात मारतो असं त्यांना वाटत होतं, म्हणून साठीत गाडी चालवायला शिकले. सूनबाई एम.कॉम. आहेत. त्यांनी जीएसटीचं रिटर्न चुकीचं भरलं गेलंय असं सांगितलं, तेव्हा मालक त्यांना हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. माझ्याकडे येऊन दोन महिने जीएसटी शिकले. मग सूनबाईंना म्हणाले, "तुजं बरोबर हाय." तोपर्यंत दंड लागला होता. दंड त्यांनी कुरकुर न करता भरला. सूनबाई माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या की मामा न्यायाधीश झाले असते तर आरोपी म्हातारे होऊन मेले असते. सासऱ्यांना त्या मामा म्हणतात.

आता मुलाचं. तीन वर्षांपूर्वी दुकान तोच बघायचा. किल्ल्या त्याच्याकडे, बँकेतली सही त्याची. सूत व्यापाऱ्याला द्यायची मोठी रक्कम घेऊन तो एकदा गोव्याला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. आधीही जात होता, हे मग बाहेर आलं. मालकांनी अक्कलकोट रोडची जागा विकून सूतवाल्याचे पैसे फेडले, किल्ल्या काढून घेतल्या, सही बदलली. आता घरात काय होणार म्हणून आम्ही वर कान देऊन बसलो होतो. आवाज चढला नाही. मालकांनी फक्त विचारलं, "कुठला खेळ?"

"ब्लॅकजॅक," मुलगा म्हणाला.

"मला येत न्हाय," मालक म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्यानंतर दोन वर्षं ह्या विषयावर त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. मुलाला शिवी नाही, माफी नाही. तो पोरांना शाळेत सोडायचा, भाजी आणायचा आणि दुपारी जिन्यात बसून मोबाइल बघायचा. दुकानात ये म्हणत नाहीत, घरातून जा म्हणत नाहीत. तो माझ्याशी एकदाच मोकळं बोलला. "काका, मारलं असतं तर बरं झालं असतं," म्हणाला. शेवटी सूनबाईंनी सासऱ्यांना समोरासमोर सांगितलं की पोरांची वार्षिक परीक्षा होईपर्यंत मी थांबते. तोवर ह्यांचं काय ते ठरलं नाही तर पोरांना घेऊन वैरागला माहेरी जाते. ह्या धमकीवर मालक म्हणाले, "परीक्षा कधी हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. नळाला पाणी यायचा दिवस नव्हता, म्हणून त्यांना सवड होती. पाणी येतं त्या सकाळी ते मोटरीच्या बटणापाशी उभे असतात आणि कुणालाही हात लावू देत नाहीत.

"सायेब, पत्त्यातलं काय काय येतं?"

मी मेंढीकोट आणि रमी सांगितलं.

"ब्लॅकजॅक?"

"नाही."

"मग शिका की. आन मला शिकवा."

मी म्हणालो की मुलालाच का विचारत नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. तो शिकवील तर त्याच्या बाजूनं शिकवील, म्हणाले.

असा मी पन्नाशी उलटल्यावर जुगार शिकलो, तोही मोबाइलवर वाचून, बायकोच्या देखत. नियम वाचायला सोपे आहेत. खेळाडूंना आपसात खेळायचं नसतं. प्रत्येकाचा डाव पत्ते वाटणाऱ्या डीलरशी. आपल्याला दोन पत्ते, डीलरला दोन, त्यातला एक उघडा. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं चांगलं. एकवीसच्या वर गेली की आपण फुटलो, पैसे गेले. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकचा किंवा अकराचा, आपल्याला सोयीचं पडेल तसा. आधी आपण हवे तितके पत्ते घ्यायचे किंवा थांबायचं. मग डीलर आपला झाकलेला पत्ता उघडतो. त्याला मर्जी नसते. सोळापर्यंत त्याने पत्ता घ्यायचाच, सतराला थांबायचंच.

मालकांचा पहिला अडथळा एक्क्याचा. हा पत्ता एक का अकरा, ते एकदा ठरवून सांगा, म्हणाले. ठरत नाही म्हटल्यावर अस्वस्थ झाले. ज्या मालाचा भाव गिऱ्हाइकाच्या सोयीनं बदलतो तो माल दुकानात ठेवायचा कशाला, हा त्यांचा प्रश्न. एक्का आणि छक्की म्हणजे सतरा का सात, ह्यावर आमची एक अख्खी सकाळ गेली.

पैशांच्या जागी आम्ही शेंगदाणे लावत होतो. मालक लावलेले दाणे बोलता बोलता खाऊन टाकत. डाव संपल्यावर माझा हिशेब कधीच जुळला नाही. जिंकलेत का हरलात म्हटलं तर ते म्हणायचे, पोट भरलं. पत्ता हवा असला की ते कन्नडमध्ये 'बेकु' म्हणत, पुरे झालं की 'साकु'. चार दिवसांत मीही बेकु-साकु करू लागलो.

नियमानंतर युक्ती. कुठल्या बेरजेला, समोर कुठला पत्ता असताना घ्यायचं आणि कुठे थांबायचं, ह्याचा एक तक्ता असतो. शहाण्या माणसांनी हिशेब करून काढलेला. उभ्या रांगांत डीलरचा उघडा पत्ता, आडव्या ओळींत आपली बेरीज. प्रत्येक घरात एक रंग: हिरवा म्हणजे घ्या, लाल म्हणजे थांबा. मी तो रंगीत छापून आणला. मालकांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे चादरीचं डिझाइन हाय की."

आणि कागद घेऊन गेले. आठवड्याने आले तेव्हा खांद्यावर नवा टॉवेल होता. त्यांनी तो तक्ता मागावर विणून आणला होता. लाल-हिरव्या चौकड्या, कडेला आकडे, खाली झालर. मी माझ्या सवयीप्रमाणे घरं ताडून पाहिली. बाराच्या ओळीत समोर दुर्री किंवा तिर्री असली तर पत्ता घ्यायचा असतो, म्हणजे ती दोन घरं हिरवी हवीत. टॉवेलवर लाल होती. मालकांनी डिझाइनमास्तरला फोन लावला. मास्तर जुना, तेलुगू घरातला, हयात जॅकार्डच्या नक्षीकामात गेलेली. त्याचं म्हणणं असं की लाल चौकोनाच्या कोपऱ्यात दोन घरं सुटली होती, छापणाऱ्याची चूक दिसत होती, म्हणून त्याने भरून चौकोन पुरा केला. असं कोपरा तुटलेलं डिझाइन आपल्या मागावरून बाहेर जाणार नाही, असंही त्याने ऐकवलं. मालकांना ते पटलं. मी रात्रभर शोधाशोध केली, तर त्या दोन घरांनी फारसा फरक पडत नाही असं निघालं. मग बरोबर तक्ता कुठला, माझा का मास्तरचा, ह्यावर मी गप्प बसलो.

सोळाच्या ओळीचं तसं नव्हतं. ती ओळ मालकांनी स्वतः सांगून सबंध लाल करून घेतली होती. तक्त्याप्रमाणे समोर सत्तीपासून वरचं काही असलं तर सोळावर पत्ता घ्यावा लागतो. मालक घ्यायचे नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना आण्यांत हिशेब शिकवला होता. सोळा आणे झाले की रुपया झाला, तो बांधून बाजूला ठेवायचा. भरलेल्या रुपयात आणखी घालायला बघतो तो हावरा. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की सोळा दिसले की त्यांचा हात आपोआप मांडीवर जायचा. दोन अठ्ठ्या आल्या तर त्या फोडून दोन डाव करावेत, असंही तक्ता सांगतो. त्यालाही ते तयार नव्हते. घरात भावाशी एकदा वाटणी झाली, तेवढी पुष्कळ झाली, म्हणाले.

मी सोळाचं समजावायला बसलो. ते संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं.

"मालक, समोर दश्शी आहे. इथे घ्यायलाच लागतं."

"घेतल्यावर काय व्हतं?"

"बहुतेक वेळा फुटतो."

"आन न्हाय घेतलं तर?"

"बहुतेक वेळा हरतो."

"मग?"

"घेतल्यावर जरा कमी हरतो."

त्यांनी एक दाणा सोलला. "सायेब, हा सगळा टावेल बरोबर खेळला, एक घर चुकलं न्हाय, तर माणूस जिंकतो का?"

मी खरं ते सांगितलं. नाही. सगळं बरोबर खेळलं तरी लांब पल्ल्यात शेकड्यामागे अर्ध्या रुपयाच्या आसपास जातातच. चुकलं तर जास्त जातात.

"बरोबर खेळून पण हारायचं. मग त्याला बरोबर कशापायी म्हणायचं?"

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो. मी आजवर जे बरोबर म्हणून केलं, त्यातलं काय काय ह्या प्रकारात मोडतं, ते मनात येत राहिलं. दुपारी वाउचरवर दोन ठिकाणी चुकीच्या खात्याचे आकडे घातले.

थोड्या दिवसांनी ते म्हणाले की खेळ आला, पण पोरगा डाव सोडून उठत का नव्हता ते अजून कळलं नाही. ते दाण्यांत कळणार नाही. म्हणून गोवा. मुलाने गाडी चालवायची, पण बोटीवर यायचं नाही. दहा हजार मालकांचे. घरी जाताना काही राहील असं धरायचं नाही. हा शिकवणीचा खर्च. दुपारी चार वाजले की टेबल सोडून उठायचं. न उठले तर मी खांद्याला हात लावायचा. "तुमी हात लावल्यावर मी उठलो, तर पोराला सांगायला मला तोंड हाय," ते म्हणाले. उठले नाहीत तर काय, हे मी विचारलं नाही. ते उठणार नाहीत असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्या माणसाने टॉवेलचा हिशेब कळल्यावर एक टॉवेल कमी केला, तो माणूस.

बोटीवर गालिचे, थंडगार हवा आणि सगळीकडे दिवे. मालक आत येताच भिंती बघू लागले. घड्याळ नाही हितं, म्हणाले. टेबलाशी सहा खुर्च्या, डावाला कमीत कमी पाचशे. नोटा देऊन पाचशेच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेतल्या. देखरेखीच्या माणसाने खांद्यावरचं लाल-हिरवं पाहून ते काय आहे विचारलं. टॉवेल, म्हणून मालकांनी तोंड पुसून दाखवलं. त्याने आणखी काही विचारलं नाही.

पहिल्याच डावाला घोटाळा झाला. तिथे बोललेलं धरत नाहीत, खुणेवर चालतं. पत्ता हवा तर टेबलावर बोट आपटायचं, नको तर पत्त्यांवर हात फिरवायचा. मालकांकडे बारा होते, समोर नव्वी. डीलर मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मालकांनी पत्त्यांवर हात आडवा धरला, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा आला की पानावर धरतात तसा. आपल्याकडे त्याचा अर्थ, आणखी एकदा म्हणा. ती पुढे गेली. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "परत इचारलंच न्हाय तिनं." शेजारचा हुबळीचा व्यापारी हसून लोळायचा राहिला. पाचशे गेले.

त्यानंतर मात्र ते नीट खेळले. बोट आपटायचं ते पाणी तापलंय का बघितल्यासारखं, एकदाच. सोळाला थांबत होते. दोनदा त्यापायी हरले, एकदा डीलर फुटली म्हणून जिंकले. जिंकल्यावर माझ्याकडे बघायचे, हरल्यावर टॉवेलकडे. चारला मी घड्याळ पाहिलं. आठ हजार पाचशे शिल्लक. मी खांद्याला हात लावला.

"एवढा एक डाव," ते म्हणाले.

तो हरले. मी पुन्हा हात लावला. "एकच," म्हणाले. तो जिंकले. मी तिसऱ्यांदा हात लावला. त्यांनी खांदा हलवला, अंगावर माशी बसल्यावर बैल कातडी हलवतो तसा, आणि एकदम चार चिप्स पुढे सरकवल्या. दोन हजार.

त्यांना आली दश्शी आणि छक्की. सोळा. समोर दश्शी.

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर गेला, परत आला आणि बोट टेबलावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. पंजी आली. एकवीस. डीलरने आपला पत्ता उलटला, तिचे वीस निघाले. चारवर चार चिप्स परत आल्या.

दहा हजार पाचशे. आणल्यापेक्षा पाचशे वर. उठायला ह्याहून नेमकी जागा हिशेबात दुसरी नाही. आणि मी चौथ्यांदा हात लावला नाही. का, ते मला सांगता येत नाही. पुढचा पत्ता कुठला येतो ते मला बघायचं होतं, एवढंच. मालक हसत होते. त्यांना मी इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. हुबळीचा व्यापारी त्यांच्या पाठीवर थाप मारत होता. माझ्या तोंडून 'घ्या, घ्या' असं निघालं, ते मी स्वतः ऐकलं.

नंतरचं सांगण्यासारखं नाही. दोन हजार, दोन हजार, हजार. एकदा ते वीसवर पत्ता घ्यायला निघाले होते, डीलरनेच नक्की का म्हणून थांबून विचारलं. मग एका डावानंतर ती मुलगी मागे सरली. दोन्ही हात एकमेकांवर हलके झटकले, तळवे वर करून रिकामे दाखवले आणि निघून गेली. तिच्या जागी एक मुलगा आला. डीलर आधीही दोनदा बदलले होते, पण तेव्हा आम्ही येणाऱ्याकडे पाहिलं होतं, जाणाऱ्याकडे नाही. ह्या वेळी मालक तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाण्याची बाटली उघडत दारातून बाहेर गेली.

"ती गेली की," ते म्हणाले.

"तिची पाळी संपली."

"मदीच?"

"मालक, ती पगारावर आहे."

त्यांच्यापुढे दीड हजाराच्या चिप्स होत्या. त्यांनी त्या मुठीत घेतल्या, टेबलाची कड धरली आणि उठले. गुडघे धरले होते, मी हात दिला. साडेपाच झाले होते.

धक्क्यावर मुलगा त्याच बाकावर होता. पैसे किती राहिले हे त्याने विचारलं नाही. "अप्पा, चहा घेता?" म्हणाला. मालक त्याच्या शेजारी बसले. मला वाटलं, आता दोन वर्षांचं सगळं निघणार. शिकून झालं होतं. बोलायचा अधिकार मिळाला होता.

"मी दोनदा 'एकच' म्हणालो, तिसऱ्यांदा खांदा झटकला," ते म्हणाले. "इचार ह्यास्नी. चौथ्यांदा ह्यांनी पण सांगितलं न्हाय."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं.

"सोळावर पत्ता घेतला मी. आन पंजी आली." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि तो तोंडावरच धरून ठेवला. आतून आवाज आला, "फुटलो असतो तर उठलो असतो रे."

मुलाने बापाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मी चहा आणायच्या निमित्ताने बाजूला झालो.

सोमवारी दुकान उघडताना मालकांनी मला बोलावून घेतलं. सूनबाई होत्या, मुलगा पायरीवर उभा होता. दुकानात पाऊल टाकावं की नाही, त्याला कळत नव्हतं. मालकांनी किल्ल्यांचा जुडगा सूनबाईंच्या पुढे ठेवला.

"ह्याला किल्ली न्हाय," ते म्हणाले. "मला पण न्हाय. किल्ली तुजी, बँकेतली सही तुजी. आमी दोघं पगारावर. अकरा ते सात."

सूनबाईंनी जुडगा उचलून आपल्याकडे घेतला. मग विचारलं, "मामा, पगार किती धरायचा?"

"मला काय इचारती? मालक तू."

ही शिक्षा होती का माफी, मुलाला का स्वतःला, मी तेव्हाही विचारलं नाही आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही, कारण मालक म्हणतात की दुकानाचं काही असलं तर सूनबाईंना विचारा. पोरांची परीक्षा झाली. वैरागला सगळे मिळून दोन दिवस जाऊन आले. मुलगा पुन्हा गोव्याला जाणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. त्याची बायकोही म्हणत नाही.

एक एप्रिलला संध्याकाळी मी भाडं द्यायला दुकानात गेलो. मुलगा चादरींच्या घड्या घालत होता. मालक एका गिऱ्हाइकाला पुढ्यात ढीग टाकून टॉवेल दाखवत होते. सात वाजले. मुलगा हातातली घडी ठेवून बाहेर आला. मालक तसेच.

"मामा, सात," सूनबाई म्हणाल्या.

"एवढं एक गिऱ्हाईक."

"मामा."

मालक उठले. गिऱ्हाईक सूनबाईंनी घेतलं. मग त्यांनी मार्चचा पगार काढला. मुलाला अठरा हजार, मालकांना सतरा. मालकांनी नोटा दोनदा मोजल्या आणि एक हजार कमी का म्हणून विचारलं. तुम्ही दुपारी झोपता, सूनबाई म्हणाल्या. मालकांनी मान हलवली. हिशेब त्यांना मान्य होता.

मी खिशातून भाड्याचे साडेसहा हजार काढले आणि सवयीने त्यांच्यापुढे धरले. त्यांनी हात मागे घेतला. "मी पगारी माणूस," म्हणाले आणि मुलाबरोबर घराकडे चालू लागले. साडेसहा हजार मी सूनबाईंना दिले.